गवसणी

— बी.कॉम. द्वितीय वर्ष, मराठी विभाग

आकाशाला गवसणी घालणाऱ्या थोर माणसांच्या गोष्टी आपण शाळेत पुष्कळ वाचल्या. दहावीच्या निरोप समारंभात आलेल्या प्रत्येक पाहुण्याने आम्हांला आकाशाला गवसणी घालण्याचा आशीर्वादही दिला होता. मी अद्याप आकाशापर्यंत पोहोचलेलो नाही. मात्र गेल्या उन्हाळ्यात मी एका पलंगाला गवसणी घातली, आणि तीही सव्वादोन मीटर कापडात. त्याचीच ही हकीकत आहे. अंकासाठी 'सहकार आणि ग्रामीण विकास' या विषयावर लिहायला घेतले होते. दोन पाने झाल्यावर माझे मलाच झोप येऊ लागली, म्हणून पलंगाकडे वळलो.

अक्काचे लग्न वैशाखात ठरले. मुलाकडची मंडळी भालकी तालुक्यातली, सरळ माणसे. त्यांनी काही मागितले नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे, त्यामुळे मागायचे नसते हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. फक्त बैठकीत त्यांच्यापैकी एक बाई सहज म्हणून गेल्या, "पलंग-गादी तर काय, सगळेच देतात." या वाक्यात मागणी कुठे आहे ते कोणत्याही वकिलाला दाखवता येणार नाही, पण आप्पांना त्या रात्री झोप लागली नाही. गेल्या पावसाळ्यात शेतात पाणी साचून आमची तूर बसली होती. जे हाती आले त्यातून सोसायटीचे कर्ज फेडावे की मांडव घालावा, असा प्रश्न होता. बीदरला एका दुकानात डबल बेडची किंमत विचारली तर अठरा हजार सांगितली. आप्पांनी "बरं, येतो," म्हटले आणि आम्ही बसस्टँडवर येऊन निमूटपणे उसाचा रस प्यालो.

अशा वेळी मामांचा फोन आला. मामा हैदराबादला एका मोठ्या हॉटेलच्या धोबीखात्यात आहेत. त्या हॉटेलाने जुने सामान काढले होते. त्यात स्प्रिंगच्या पेट्या होत्या, सहाशे रुपयांना एक. मामांनी दोन घेतल्या आणि बीदरकडे येणाऱ्या एका ट्रकवर टाकून दिल्या.

स्प्रिंगची पेटी म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हते. आपल्याकडे खाली फळ्या, वर गादी. फार तर नवार किंवा सुंभाची बाज. युरोप-अमेरिकेत गादीच्या खाली आणखी एक पेटी ठेवतात. लाकडाची चौकट, तिच्यात उभ्या तारेच्या गुंडाळ्या, आणि वरून कापड ताणून बसवलेले. गादीला बसणारा दणका ही पेटी आपल्या अंगावर घेते. एकोणिसाव्या शतकात गाड्यांच्या आणि खुर्च्यांच्या स्प्रिंगा तिकडच्या अंथरुणात शिरल्या. मोठ्या हॉटेलांबरोबर त्या आपल्याकडेही आल्या आणि जुन्या झाल्यावर आमच्या अंगणात उतरल्या.

उतरल्या तेव्हा त्यांच्याकडे पाहवत नव्हते. सव्वासहा फूट लांब, तीन फूट रुंद, आठ इंच उंच. पट्ट्यापट्ट्यांचे कापड फाटलेले, त्यावर चहाचे की कशाचे डाग, एका कोपऱ्यातून तार बाहेर डोकावते आहे, आणि चौकटीच्या लाकडावर काळ्या रंगाने ठसठशीत आकडा घातलेला : २१४. खोलीचा नंबर असावा. आजी काठी टेकत आली, तिने दोन्ही पेट्यांना प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, "अरं, ह्याला तर आतडीच आतडी हायत."

पुढचे पंधरा दिवस मी त्या आतड्यांत होतो. परीक्षा संपली होती. पहिले काम ढेकणांचे. हॉटेल कितीही मोठे असले तरी ढेकूण भाडे विचारून राहत नाहीत. फाटके कापड ओढून जाळून टाकले, सांध्यांत उकळते पाणी ओतले आणि आठ दिवस पेट्या आमच्या माळवदावर उन्हात टाकल्या. एप्रिलमधले आमच्याकडचे ऊन ज्यांनी खाल्ले आहे त्यांना ढेकणांची दया येईल. मग काचकागदाने तारांचा गंज घासला आणि शिवणयंत्राच्या तेलाचा बोळा फिरवला. सात स्प्रिंगा सुटल्या होत्या. त्या शेजारणीला आणि चौकटीला सुतळीने बांधल्या. एकेका स्प्रिंगेला उभी, आडवी आणि दोन्ही तिरप्या अशी सुतळी जावी लागते, नाहीतर ती कलते. आणि सगळ्यांची उंची सारखी दाबून बांधावी लागते, नाहीतर झोपणाऱ्याच्या बरगडीला टेकडी येते. हे मला कुणी शिकवले नाही. न सुटलेल्या स्प्रिंगा कशा बांधल्या आहेत ते पाहत गेलो. त्यावर तुरीची पोती उसवून गोणपाट ताणला, म्हणजे तारेचे टोक कापडाला लागू नये. गोणपाटावर एक जुनी वाकळ. कन्नडवाले मित्र तिला कौदी म्हणतात. पाठीला दोन्ही सारख्याच मऊ. सुताराने बाभळीचे सहा-सहा इंची पाय लावून दिले आणि दोन्ही पेट्या बोल्टने एकमेकींना जोडल्या. पलंग उभा राहिला. आता राहिले कापड.

इथे वाचकांतील वाणिज्य शाखेच्या मित्रांनी लक्ष द्यावे. इतरांनी परिच्छेद ओलांडला तरी चालेल.

सगळा पलंग चांगल्या कापडात गुंडाळायचा म्हटले तर माप फार मोठे होते. पण पेटीच्या वर गादी येणार, म्हणजे वरचा भाग कुणाला दिसणारच नाही. डोक्याकडची बाजू भिंतीला लागणार, तीही दिसणार नाही. दिसणार त्या तीनच बाजू : दोन लांब, पंचाहत्तर-पंचाहत्तर इंचांच्या, आणि एक पायाकडची, बहात्तर इंचांची. उंची पेटीची आठ आणि पायांची सहा, मिळून चौदा. वरची शिवण आणि खालची दुमड धरून सतरा. आता चोपन्न इंची पन्ह्याचे कापड घेतले तर त्यातून सतरा इंचांच्या बरोबर तीन लांब पट्ट्या निघतात. एका बाजूला एक पट्टी! झालर चुण्यांची करावी अशी आईची हौस होती. पण चुण्यांना दुप्पट कापड लागते. सरळ झालर, फक्त दोन कोपऱ्यांत उघड्या चिरा आणि चिरांच्या मागे एकेक आतली पट्टी. कापड धुतल्यावर आटते, त्याचे दोन-तीन इंच धरले. हिशेब सव्वादोन मीटरवर आला. कॉस्टिंगच्या पेपरात मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

कापड आणायला उदगीरला गेलो. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत उदगीर आणि संतपूर हे एकाच बीदर जिल्ह्याचे तालुके होते. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात. आमच्या लग्नाच्या खरेदीने ही पुनर्रचना अजून मनावर घेतलेली नाही. दुकानदाराने पडद्याच्या कापडाचे दहा तागे समोर टाकले. मी एका ताग्याचे शेवट धरले. विटकरी रंगाचे, साधे, जाड. त्या रंगाला गिऱ्हाईक नव्हते. मीटरला दोनशे वीस, पाच टक्के जीएसटी त्यातच. सव्वादोन मीटरचे चारशे पंच्याण्णव झाले. "सव्वादोन मीटरात काय करणार, साहेब?" दुकानदाराने विचारले. मी "पलंग" म्हणालो, तेव्हा तो हसला आणि त्याने माझ्यासाठी चहा सांगितला.

वरच्या, न दिसणाऱ्या भागासाठी मांजरपाट घ्यायचा होता. आजी म्हणाली, "कशाला? माझं लुगडं हाय की." तिचे इरकली नऊवारी, गडद हिरवे, लाल काठांचे, मधून विरलेले. पंचेचाळीस इंची पन्हा, दोन लांबी शेजारी शेजारी जोडल्या की पलंगाचा माथा झाकून वर कापड उरते. आजीने स्वतः विरलेला भाग हाताने चाचपून बाजूला काढला आणि कात्री कुठे चालवायची ते नखाने दाखवले.

आणि मग मी ती चूक केली जी प्रत्येक हिशेबी माणूस एकदा करतो. पहिल्या दोन पट्ट्या सतरा इंचांवर कापल्या. तिसऱ्या वेळी डोक्यात पलंगाची उंची राहिली आणि चौदावर कात्री चालवली. पुरी पट्टी, सव्वादोन मीटर, तीन इंचांनी आखूड. उदगीरच्या ताग्याचे ते शेवट होते. तसले कापड पुन्हा मिळणार नव्हते. मी ते कापड मांडीवर घेऊन बसून राहिलो. आई स्वयंपाकघरातून डोकावून गेली आणि काही बोलली नाही, त्याचे जास्त वाईट वाटले.

तोड आजीने काढली. लुगड्याचा उरलेला काठ आखूड पट्टीच्या खाली लावायचा. "आनि एकाच बाजूला नको, तिन्ही बाजूंना लाव," ती म्हणाली, "एका बाजूला लावलास तर चूक दिसंल, तिन्हीकडं लावलास तर नक्षी." मी उरलेले लुगडे मोजले. दोन्ही काठ मिळून तिन्ही बाजूंना पुरून उरत होते.

आमच्या घरचे हातयंत्र जाड कापडावर चालत नाही. म्हणून मी सगळे धावदोऱ्याने टाचून संतपुरातल्या टेलर मास्तरांकडे नेले. मास्तरांशी कन्नडमध्ये बोलावे लागते आणि माझे कन्नड मित्रांपुरते आहे. शिवणकामाचे शब्द मला ठाऊक नव्हते. मी हातवारे करून काही सांगू लागलो, तेव्हा मास्तरांनी गठ्ठ्याकडे पाहून विचारले, "एनरी, दिंबिन गवसु?" उशीचा अभ्रा का, असे ते विचारत होते. पण मला ऐकू आला तो 'गवसु'. गवसु म्हणजे आपली गवसणीच की! कन्नडमध्ये हातमोज्याला 'कैगवसु' म्हणतात हेही त्यांनीच सांगितले, हाताची गवसणी. ज्या शब्दाने निरोप समारंभात आम्हांला आकाश दाखवले होते, तो शब्द आमच्या शेजारच्या घरांत रोज उशीवर चढवला जातो आणि धुवायला काढला जातो. "दिंबु अल्ल मास्तर, मंचद्दु," मी म्हणालो. मंच म्हणजे पलंग. आपल्या पोथ्यांतला मंचकच. एकदम दोन शब्द घरचे निघाल्यावर मी मास्तरांसमोर बराच बोललो. त्यांनी माझे कन्नड ऐकून घेतले, लांब शिवणी मारून दिल्या आणि दीडशे रुपये घेतले.

याच ठिकाणी थोडे विषयांतर करतो. मी दहावीपर्यंत मराठीत शिकलो. कॉलेजात 'डेप्रिसिएशन' आले तेव्हा पहिले दोन आठवडे मला ते एखाद्या रोगाचे नाव वाटत होते. उदगीरच्या आतेभावाच्या बारावीच्या पुस्तकात 'घसारा' वाचला आणि डोक्यात उजेड पडला. माझ्या बाकावरचा मित्र कन्नड माध्यमाचा. त्याला 'सवकळी' म्हटल्यावर उजेड पडला. आम्ही दोघे परीक्षेत तिसऱ्याच भाषेत घसारा काढतो. ज्या वस्तू झिजतात त्या आम्हां दोघांच्याही घरी पुष्कळ आहेत, तेव्हा विषय अवघड जाऊ नये.

आता मूळ गोष्ट. झालर तयार झाली, ती पेटीला बसवायची कशी? मी चुका आणि हातोडी घेऊन तयारच होतो. कापड वरच्या चौकटीवर चारी बाजूंनी ठोकून टाकायचे, म्हणजे २१४ हा आकडा, जुने लाकूड, सुतळीच्या गाठी, सगळे कायमचे आत. गादी टाकली की नवा पलंग. आप्पांचीही तीच इच्छा होती. "बीदरहून आणला म्हणायचं," ते म्हणाले. "कोण उकलून बघतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

अक्का दारात उभी होती. ती आप्पांसमोर सहसा बोलत नाही. "आप्पा," ती म्हणाली, "मूठ तुम्ही एक दिवस झाकणार. मला तिथं रोज झाकून बसावं लागंल."

आप्पा उठून शेताकडे गेले. मला त्यांचा राग आला नाही आणि अक्काचाही आला नाही, पण हातातली हातोडी कुठे ठेवावी ते कळेना. त्याच सत्रात आम्हांला ताळेबंदातील 'विंडो ड्रेसिंग' शिकवले होते : धंद्याची स्थिती आहे त्याहून बरी दिसावी म्हणून आकड्यांची मांडणी करणे. त्यावर पाच गुणांची टीप मी पाठ केली होती. माल विक्रीच्या १९३० च्या कायद्यातले 'खरेदीदाराने सावध राहावे' हे तत्त्वही मी मनात घोळवून पाहिले. पण इथे खरेदीदार कोण होता? पलंगावर तर आमचीच अक्का झोपणार होती.

अक्काने माझ्या हातातल्या चुका घेऊन डब्यात टाकल्या. "नाड्या लाव," ती म्हणाली. "धुवायला निघाली पाहिजे. आणि कुणाला बघायचं तर बघता आलं पाहिजे." लुगड्याच्या उरलेल्या तुकड्यांच्या मी चोवीस नाड्या केल्या. माथ्याचे कापड वाकळीवर पसरायचे, त्याला जोडलेली झालर तिन्ही बाजूंनी सोडायची आणि नाड्या आतून पेटीच्या चौकटीला बांधायच्या. खरे सांगायचे तर ठोकलेल्यापेक्षा बांधलेले कापड चांगले बसते. सैल पडले की पुन्हा ओढता येते.

बस्ता बांधायला निघालेली मुलाकडची मंडळी वाटेत आमच्याकडे चहाला थांबली. पलंग ओसरीतच होता, विटकरी, खाली लाल काठ. खरोखर देखणा दिसत होता. बैठकीतल्या त्या बाई म्हणाल्या, "छान आहे हो. कुठून घेतला?" आप्पांनी घसा साफ केला. ते काय सांगणार होते ते मला आजही माहीत नाही, कारण तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन अक्का आली आणि ट्रे खाली ठेवून तिनेच सांगितले, "मामांनी हैदराबादहून आणलाय. हॉटेलातला जुना होता, भावानं नीट केला." आणि खाली वाकून तिने पायाकडची एक नाडी सोडली, झालर वर केली. २१४.

कुणी काही बोलेना. मला वाटले, जमिनीने पोटात घ्यावे. त्या बाई म्हणाल्या, "अगं बाई, हॉटेलातला म्हणजे कोण कोण झोपलं असंल त्याच्यावर!" आप्पा खाली पाहत होते. अक्काच्या होणाऱ्या सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला, उठल्या आणि पलंगावर जाऊन बसल्या. दोनदा जागच्या जागी अंग टाकून पाहिले. "आवाज करत नाही," त्या म्हणाल्या. मग वाकून नाडी पाहिली. "ही गाठ कुणी मारली?" मी मारली होती. "घट्ट मारलीस. भिजली तर सुटणार नाही. सुरगाठ मारत जा."

एवढेच. मंडळी बस्त्याला गेली. त्या बाईंनी ही गोष्ट पुढे बऱ्याच घरी पोहोचवली, असे कानावर आले. लग्नात रुखवताजवळ दोन-तीन बायका झालरीचा कोपरा उचलून आकडा बघताना मी स्वतः पाहिल्या. आप्पा त्या दिवशी रुखवताकडे फिरकले नाहीत. माझ्याशी ते त्या विषयावर अजून बोललेले नाहीत. फक्त एकदा खर्चाची वही मागून घेतली. पेट्या बाराशे, ट्रकचे भाडे पाचशे, सुतार अकराशे, सुतळी-काचकागद-तेल-चुका एकशे चाळीस (चुका अजून डब्यात आहेत), कापड चारशे पंच्याण्णव, मास्तर दीडशे. एकूण तीन हजार पाचशे पंच्याऐंशी. कापसाची गादी आत्याने दिली. गोणपाट, वाकळ आणि आजीचे लुगडे यांच्यापुढे मी शून्य लिहिले होते. आप्पांनी लुगड्यापुढचे शून्य खोडले. तिथे काय लिहायचे ते मात्र त्यांना सुचले नसावे. जागा कोरीच आहे.

पंचमीला अक्का माहेरी आली, तेव्हा तिच्या पिशवीत ती झालर होती, धुतलेली, घडी घातलेली. एका कोपऱ्याची शिवण उसवली होती. माझीच, धावदोऱ्याची, घाईत मास्तरांना द्यायची राहिली होती. त्यांच्या घरी त्या पलंगाला आता सगळे 'दोनशे चौदा' म्हणतात. "दोनशे चौदावर जाऊन पड जरा," असे सासूबाई म्हणतात म्हणे. हे सांगताना अक्का हसत होती. ती बाई अजून येते का, असे मी विचारले. "येते की," अक्का म्हणाली. "परवा माझ्या जावेला विचारत होती, तुमच्या पलंगाला तसलं काही करून मिळंल का म्हणून. जावेचा लोखंडी आहे, खाली ट्रंका दिसतात."

मी टेप काढली. लांबी विचारली, रुंदी विचारली, उंची विचारली. अक्काने उंची वितीने सांगितली, दोन विती आणि चार बोटे. अक्काची वीत केवढी ते आधी मोजून घेतले.